वारुळातलं शिंकं

जुन्या घरांत माजघराच्या आढ्याला शिंकं टांगलेलं असे. त्यात दह्या-लोण्याची गाडगी एकावर एक रचलेली. खाली मांजर टपलेलं, भिंतीच्या कडेनं मुंग्यांची रांग. त्या मुंग्यांपासून दूधदुभतं वाचवायला माणसानं शिंकं टांगलं, आणि त्यांच्याच दूरच्या नातलगांनी अमेरिकेच्या वाळवंटात जमिनीखाली स्वतःची शिंकी टांगून ठेवली आहेत. तिथलं गाडगं मात्र मातीचं नाही. ती एक जिवंत मुंगी असते. छताला नखांनी धरून ती महिनोन् महिने लटकते आणि तिचं पोट मधासारख्या रसानं भरून लहान द्राक्षाएवढं झालेलं असतं.

इंग्रजीत या मुंग्यांना हनीपॉट अँट म्हणतात. मी त्यांना मधुघट मुंग्या म्हणतो. जगात असा साठा करणाऱ्या मुंग्या एकापेक्षा जास्त प्रजातींत आहेत. त्यांतल्या छंद म्हणून पाळल्या जाणाऱ्या बहुतेक मुंग्या मिर्मेकोसिस्टस या प्रजातीतल्या. ग्रीकमध्ये मिर्मेक्स म्हणजे मुंगी आणि किस्टिस म्हणजे पिशवी. त्यांचं घर अमेरिकेचा कोरडा पश्चिम भाग आणि मेक्सिको.

घट कसा घडतो हे कळलं की या मुंग्या पाळण्यातल्या निम्म्या गोष्टी आपोआप समजतात. मुंगीला दोन पोटं असतात. आतलं तिचं स्वतःचं. त्याच्या आधी येणारं सगळ्या वारुळाचं. दोहोंच्या मध्ये एक झडप आहे. प्यालेला गोड रस आधी सामाईक पोटात साठतो आणि झडप उघडून जेवढा आत सोडला जाईल तेवढाच त्या मुंगीच्या अंगी लागतो. बाकीचा बहिणींसाठी. भुकेली मुंगी येते, मिशांनी समोरचीचं तोंड थोपटते, आणि समोरची ओठांवर एक थेंब आणून देते. हे आपल्या ओट्यावरच्या मुंग्याही करतात. मधुघट मुंग्यांनी हीच सवय टोकाला नेली. कोशातून नुकत्याच बाहेर आलेल्या, कातडी अजून मऊ असलेल्या आणि बहुधा अंगानं थोराड कामकरी मुंग्यांना इतर जणी पाजत राहतात. पोटावरचे कडक पट्टे दुकानाच्या शटरसारखे एकमेकांवर सरकणारे असतात. पोट भरेल तसे ते दूर जातात, मधली पातळ कातडी ताणत जाते, आणि शेवटी पारदर्शक गोळ्यावर काळसर चार-पाच रेघा तेवढ्या उरतात. या अवस्थेत तिला धड चालता येत नाही. बोगद्यातूनही ती मावत नाही. त्या दालनातच तिचं उरलेलं आयुष्य जातं.

सगळे घट सारखे नसतात. काही गडद, जुन्या गुळाच्या पाकाच्या रंगाचे. त्यांत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दाट असतं. काही जवळजवळ पाण्यासारखे स्वच्छ, आणि त्यांत खरोखर पाणीच जास्त. वाळवंटात पाण्याचा साठाही मधाइतकाच मोलाचा.

हे सगळं नीट पाहणारा पहिला माणूस फिलाडेल्फियाचा एक पाद्री होता, हेन्री मॅककुक. १८७९ साली तो या मुंग्यांच्या शोधात न्यू मेक्सिकोकडे निघाला होता. वाटेत कोलोरॅडोत, ‘गार्डन ऑफ द गॉड्स’ नावाच्या लाल सुळक्यांच्या परिसरात त्याला त्या भेटल्या आणि तो तिथेच थांबला. दिवसा वारुळं ओसाड वाटायची. अंधार पडला की मुंग्या रांगेनं बाहेर पडायच्या. कंदील घेऊन तो मागोमाग गेला, तेव्हा त्या बुटक्या ओकच्या झुडपांवर चढताना दिसल्या. त्या ओकवर एका बारीक गांधीलमाशीमुळे गाठी येतात आणि रात्री त्या गाठींतून गोड रसाचे मणी पाझरतात. मुंग्या ते चाटत होत्या. आपल्याकडे ज्वारीवर मावा पडला की पानं चकचकीत, चिकट होतात आणि शेतकरी म्हणतो, चिकटा पडला. त्या चिकट्यावर मुंगळे धावतात, तसाच हा प्रकार. मधुघट मुंग्या मावाही चाटतात, फुलांतला रसही नेतात. जे गोड मिळेल ते, मिळेल त्या चार दिवसांत.

मॅककुकनं वारुळं खणून, मुंग्या काचेच्या भांड्यांत घालून घरी नेल्या आणि १८८२ मध्ये त्यांच्यावर पुस्तक छापलं. आज अ‍ॅरिझोना किंवा कॅलिफोर्नियात टेबलावर मधुघट मुंग्या पाळणारा प्रत्येक जण त्याचाच वारस आहे. खणणं मात्र आता कुणी करू नये, असं मला ठामपणे वाटतं. खणलेलं वारूळ म्हणजे मोडलेलं वारूळ. घट फुटतात आणि राणी बहुधा हाती लागतच नाही. सुरुवात एका राणीपासून करायची असते.

अ‍ॅरिझोनात जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस येतो आणि तिथले लोकही त्याला मॉन्सूनच म्हणतात. जमीन भिजली की पंखवाल्या राण्या आणि नर उडतात. कुठल्या जातीचे कुठल्या वेळी, हे ठरलेलं असतं. मेक्सिकेनस ही निशाचर, फिकट पिवळी जात दिवेलागणीच्या सुमारास उडते. मिलनानंतर नर मरतात. राणी पंख गाळून जागा शोधत जमिनीवर धावते, तेव्हा तिला उचलायचं. तिच्या पोटात जन्मभर पुरतील एवढे शुक्राणू आधीच जमा असतात.

तिचं पहिलं घर म्हणजे एक परीक्षानळी. तळाशी पाणी, त्यावर घट्ट कापसाचा बोळा, मग राणी, तोंडाशी दुसरा बोळा. पाण्याकडचा बोळा सैल राहिला तर राणी बुडते. इथे घाई नको. नळी अंधारात आणि २५ ते २८ अंश तापमानात ठेवायची, आणि मग हात आवरायचा. या राणीला पहिल्या पिढीपर्यंत अन्न लागत नाही. उडण्याचे स्नायू आता निरुपयोगी झालेले असतात. ते विरघळवून त्यावरच ती अळ्या पोसते. दीड-दोन महिन्यांत बारीक, नाजूक अशा पहिल्या कामकरी मुंग्या बाहेर येतात. रोज नळी उचलून पाहणाऱ्यांच्या राण्या अंडी खाऊन टाकतात. आठवड्यातून एकदा, लाल कागदाआडून, बस्स. लाल उजेड मुंग्यांना फारसा जाणवत नाही.

मिमिकस या जातीत निसर्गात दोन-चार राण्या मिळून एक बीळ खणतात. बार्ट्झ आणि हॉलडॉब्लर या संशोधकांनी १९८२ मध्ये दाखवलं की अशा गटांत कामकरी जास्त आणि लवकर तयार होतात. शेजारच्या नव्या वारुळांच्या अळ्या पळवून आणायच्या शर्यतीत त्याचा उपयोग होतो. पुढे त्याच कामकरी एक राणी ठेवून बाकीच्यांना संपवतात. ज्या राणीनं जन्म दिला, तीही त्यांत असू शकते. पाळणाऱ्यानं गट करावा का, हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न. मी करणार नाही.

आता छत. या मुंग्यांच्या पाळण्यात सगळ्यात मोठी चूक छतात होते. बाजारात मिळणारी बरीच मुंगीघरं वरून काच किंवा अ‍ॅक्रिलिक लावलेली, आडवी आणि बुटकी असतात. मुंगळ्यांना ती चालतात, पण मधुघटाला काचेवर नख रोवता येत नाही. ती घसरते. पडलेला घट पुन्हा वर चढू शकत नाही, कधी पडतानाच फुटतो. म्हणून घर उभं हवं, काच समोरून हवी, आणि छत खडबडीत: प्लास्टर, सच्छिद्र काँक्रीट किंवा वाळूचा थर दिलेलं. दालनाची उंची घट लटकूनही खालून कामकरी जातील एवढी. निसर्गातल्या दालनांची छतं घुमटासारखी असतात. एक कोपरा किंचित दमट, बाकी कोरडं. सगळंच दमट ठेवलं की बुरशी येते.

घर आधी पक्कं करायचं, कारण घट तयार झाल्यावर बिऱ्हाड हलवता येत नाही. इतर मुंग्या नव्या जागेकडे चालत जातील, घट तिथेच राहतील. टेबलाला धक्का, काचेवर टकटक, शेजारी ठेवलेला स्पीकर, हे सगळं वर्ज्य. घराला जोडून एक मोकळा ट्रे ठेवतात, तिथे मुंग्या अन्नासाठी येतात. ट्रेच्या वरच्या कडेला टाल्कम पावडर अल्कोहोलमध्ये कालवून पुसली की त्यांना चढता येत नाही. या मुंग्यांना नांगी नसते. फॉर्मिक आम्ल उडवतात, माणसाला त्याचा त्रास नाही.

अळ्यांना प्रथिनं लागतात: फळमाशा, रातकिड्याचे तुकडे. कीटक बागेतले नकोत, कारण फवारणीचा अंश एका थेंबातून सगळ्या वारुळात पसरतो. जे एकीनं प्यालं ते सगळ्यांनी प्यालं, हा या मुंग्यांचा नियम विषालाही लागू आहे. गोडासाठी साखरेचं पाणी कापसावर द्यायचं, म्हणजे कुणी बुडत नाही. वारूळ वाढत गेलं की एक दिवस छताला पहिलं फुगलेलं पोट दिसतं.

शेजारी दुसरं वारूळ ठेवलंत तर ट्रे कधीही जोडू नका. हॉलडॉब्लरनं १९७६ मध्ये वर्णन केलंय की मिमिकसची दोन वारुळं सीमेवर आली की शेकडो कामकरी पाय ताठ करून, डोकं आणि पोट उंचावून एकमेकींभोवती फिरतात, मिशांनी ढोलासारखं वाजवतात. काही जणी तर खड्यावर चढून उंची वाढवतात. बहुतेकदा कुणी मरत नाही. पण एक बाजू फारच दुबळी निघाली तर मजबूत बाजू आत घुसते, राणीला मारते आणि अळ्यांबरोबर भरलेले घटही ओढून नेते. लुटण्याजोगी संपत्ती घरात असली की हे आलंच. ट्रेमध्ये माघार घ्यायला जागा नसते.

भारतात हे सारं करता येईल का? नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये. जिवंत कीटक देशात आणायला २००३ च्या वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेशाखाली परवाना लागतो. अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्यात राणी न्यायलाही सरकारी परवाना लागतो. २०२५ मध्ये केनियात हजारो राणी मुंग्या नळ्यांत भरून नेऊ पाहणाऱ्या चौघांना न्यायालयानं प्रत्येकी दहा लाख शिलिंग दंड किंवा वर्षभराची कैद सुनावली. त्यांतले दोघे जेमतेम एकोणीस वर्षांचे होते. छंद म्हणून सुरू झालेली मागणी कुठवर जाते ते यातून दिसतं. अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्स-टूसॉनकडे राहणाऱ्या मराठी घरांनी आपल्याच अंगणातली राणी जरूर पाळावी. इथे पुण्यात किंवा नाशकात असाल तर मुंगळ्याची राणी परीक्षानळीत तितकीच छान वाढते. मुंगळा कॅम्पोनोटस या प्रजातीचा, आणि ऑस्ट्रेलियातली प्रसिद्ध मधुघट मुंगीही कॅम्पोनोटसच. तिथले मूळनिवासी अनंगू लोक तिला त्जाला म्हणतात आणि बायका मल्गा झाडांखाली खणून तिचे घट काढतात. सामाईक पोट डोळ्यांनी पाहायचं असेल तर ओट्यावरच्या बारीक फिकट मुंग्यांना खाण्याचा रंग घातलेला साखरपाण्याचा थेंब द्या. पोटाचे पट्टे ताणतात आणि मधून लाल-हिरवा रंग दिसू लागतो.

पाळणाऱ्यांबद्दल एक गोष्ट मला खटकते. त्यांना घट भरलेले पाहायचे असतात, आणि साखर तर स्वस्त आहे. मग कापूस कधी कोरडा पडतच नाही. छत भरून जातं, फोटो सुंदर येतात, आणि ज्या कामासाठी त्या मुंगीनं चालणं सोडलं ते काम तिला कधी मिळत नाही. वारूळ जुनं आणि भरभक्कम झालं की वर्षातून काही आठवडे गोड बंद ठेवावं. पाणी चालू, कीटक चालू, साखर नाही. आधी ट्रेमध्ये वर्दळ वाढते. मग ती थांबते आणि सगळ्या जणी दालनाकडे वळतात. लटकलेल्या मुंगीच्या तोंडाशी एक जण येते, मिशांनी थोपटते, आणि वरून थेंब उतरतो. तो घेऊन ती खाली जाते. तिच्याकडून दुसरी घेते, तिच्याकडून अळ्यांना, राणीला. दिवसेंदिवस काळ्या रेघा एकमेकींजवळ येतात. पोट सैल पडतं, कातडीला सुरकुत्या येतात. मग पाऊस आल्यासारखी साखर पुन्हा द्यायची.

लटकलेली मुंगी मेली तरी कधी कधी कित्येक दिवस तिची नखं छतातच रुतलेली असतात आणि इतर जणी तिला जिवंत असल्यासारखं चाटत राहतात. मॅककुकनं हे आपल्या काचेच्या भांड्यात पाहिलं. पुढे काय होईल, याची तो वाट पाहत होता: इतकं अन्न समोर आहे, कातडी कागदाहून पातळ आहे. कामकरींनी मेलेलीचं भरलेलं पोट धडापासून वेगळं केलं, तो पिवळा पारदर्शक गोळा बोगद्यातून ढकलत, गडगडवत नेला आणि मेलेल्या मुंग्या टाकतात त्या ढिगावर नेऊन ठेवला. त्यातला मध कुणी चाखला नाही.