लष्करी प्रशिक्षणातील व्हिडिओ गेमचे मूल्यमापन

व्हिडिओ गेमवर सराव केल्याने सैनिकाची किंवा कॅडेटची प्रत्यक्षातली कामगिरी सुधारते का, हे पारखण्याची पद्धत. गेममधला स्कोअर हा त्याचा पुरावा नव्हे. खेळून खेळून तो वाढतोच. पडद्याबाहेर काय टिकले, ते पाहावे लागते.

नकाशावरचा युद्धखेळ प्रशियाच्या (तेव्हाचे एक जर्मन राज्य) सैन्याने १८२४ मध्येच स्वीकारला होता. अमेरिकेच्या मरीन कोअरने १९९६ च्या सुमारास ‘डूम २’ या बाजारातल्या गेममध्ये फेरफार करून चार जणांच्या तुकडीचा सराव घेतला. मूल्यमापनाच्या दृष्टीने मात्र इस्राएली हवाई दलातला प्रयोग मोलाचा आहे. ‘स्पेस फोर्ट्रेस’ हा गेम दिसायला अगदी साधा: मध्ये किल्ला, भोवती फिरणारे यान, मधूनच येणारे सुरुंग. कॉकपिटशी त्याचे काहीच साम्य नाही. तरीही त्यावर दहा तास सराव केलेले कॅडेट खऱ्या उड्डाणाच्या चाचण्यांत इतरांपेक्षा सरस ठरले, असे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. एकाच वेळी अनेक गोष्टींवर लक्ष ठेवण्याची सवय त्यांना कामी आली होती. दृश्ये किती हुबेहूब आहेत एवढ्यावरून गेम निवडू नये, ते यासाठी.

अमेरिकी प्राध्यापक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण तपासण्याचे चार टप्पे मांडले: प्रतिसाद, शिकणे, वर्तन आणि परिणाम. तपासणी पुष्कळदा पहिल्याच टप्प्यावर थांबते. तरुणांना गेम आवडतो, यात विशेष ते काय? निदान दोन गट हवेत. एकाने गेमवर, दुसऱ्याने सँड मॉडेलवर (वाळूत केलेली जमिनीची प्रतिकृती) तेवढाच वेळ सराव करावा आणि मग दोघांची परीक्षा अनोळखी जमिनीवर व्हावी. काही आठवड्यांनी पुन्हा एकदा.

गेम चुकीच्या सवयीही लावतो. पडद्यावरचा सैनिक धापा न टाकता पळत राहतो, एक बटण दाबले की मॅगझिन बदलते आणि मेला तरी पुन्हा उठतो. त्यामुळे आडोसा सोडण्याची भीतीच उरत नाही. नागपूरकरांना हे सांगायला नको: मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की रायफल घेऊन धावणाऱ्याचा नेम श्वासावर अवलंबून असतो. नागपूरजवळच्या कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या पायदळ रेजिमेंटचे सेंटर आणि एनसीसीची अधिकारी प्रशिक्षण अकादमी आहे. अशा ठिकाणी गेम फायरिंग रेंजची जागा घेऊ शकत नाही. निर्णयाच्या सरावाला मात्र तो उपयोगी पडू शकतो.

त्यासाठी नागपुरातली सीताबर्डीची लढाई (२६–२७ नोव्हेंबर १८१७) हा उत्तम विषय ठरेल. इंग्रजांनी धरलेल्या दोन टेकड्यांपैकी धाकटी नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांच्या अरब सैनिकांनी घेतली आणि तिथून मोठीवर तोफ डागली. पुढे कॅप्टन फिट्झगेराल्डच्या घोडदळाच्या हल्ल्याने बाजू इंग्रजांकडे झुकली. यावरच्या गेममध्ये कॅडेट जिंकला की हरला याला गुण देऊ नयेत. धाकट्या टेकडीवर किती माणसे ठेवली, कोणत्या माहितीवर ठेवली आणि राखीव फौज केव्हा काढली, हे त्याच्याकडून वदवून घ्यावे. हीच कारणे तो नंतर खऱ्या टेकडीवर स्वतःहून मांडतो का, ते तपासावे.