जीएसटी नोंदणी रद्द करण्यावरील कायदेशीर मर्यादा

व्यवसायाची कर-नोंदणी काढून घेण्याच्या सरकारी अधिकारावर कायद्याने व न्यायालयांनी घातलेली बंधने. भारतात १ जुलै २०१७ रोजी बहुतेक मालावरील केंद्रीय उत्पादन शुल्काची जागा वस्तू व सेवा कराने (जीएसटी) घेतली. तेव्हापासून हा विषय मुख्यतः केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम २९ खाली येतो.

नोंदणी गेली की व्यापाऱ्याला कर लावून बिल देता येत नाही, आणि इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची आपल्या देय करातून वजावट) हवे असलेला ग्राहक लगेच दुसरीकडे वळतो. म्हणूनच रद्द करण्याची कारणे कायद्यातच नमूद आहेत: कायद्याचा वा नियमांचा भंग, सर्वसाधारण करदात्याने सलग सहा महिन्यांची विवरणपत्रे न भरणे, ऐच्छिक नोंदणीनंतर सहा महिन्यांत व्यवसाय सुरू न करणे, फसवणुकीने किंवा माहिती दडवून नोंदणी मिळवणे इत्यादी.

म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय नोंदणी रद्द करता येत नाही. या अधिनियमाखालील नियमांपैकी नियम २२ नुसार आधी नोटीस द्यावी लागते. उत्तराला सात कामकाजाचे दिवस मिळतात. नोटीस विवरणपत्रांपुरतीच असेल आणि करदात्याने थकलेली सर्व विवरणपत्रे, कर, व्याज व विलंब शुल्क भरले, तर अधिकाऱ्याला कारवाई थांबवावीच लागते. मात्र नोटिशीत नुसती कलमाची भाषा उतरवून काढली असेल, तर उत्तर तरी नेमक्या कोणत्या आरोपाला द्यायचे? अशा नोटिशींवरून काढलेले, कारणे न देणारे आदेश उच्च न्यायालयांनी वारंवार रद्द केले आहेत.

सर्वांत जाचक ठरते ते पूर्वलक्षी, म्हणजे मागच्या तारखेपासूनचे, रद्दीकरण. कायदा त्याला मुभा देतो, पण त्याचा फटका त्या काळात माल घेतलेल्या ग्राहकांच्या क्रेडिटलाही बसतो. विवरणपत्रे भरली नाहीत एवढ्यावरून यांत्रिकपणे मागची तारीख लावता येत नाही, त्यासाठी वस्तुनिष्ठ आधार हवा, असे दिल्ली उच्च न्यायालयाने अनेक प्रकरणांत म्हटले आहे. ते योग्यच आहे.

अधिकाऱ्याने आपणहून रद्द केलेली नोंदणी परत मिळवण्यासाठी कलम ३० खाली अर्ज करता येतो. त्याची मुदत पूर्वी ३० दिवस होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून ती ९० दिवस झाली असून पुरेसे कारण दाखवल्यास आणखी १८० दिवसांपर्यंत वाढू शकते. कलम १०७ खाली अपीलही करता येते. नोंदणी रद्द झाली तरी आधीच्या काळातील कराची देणी कायम राहतात.