७५० वॅट आणि ८० प्लस गोल्ड: खोक्यावरचे दोन दावे, दोन वेगळे हिशेब

कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायच्या खोक्यावर दोन गोष्टी ठळक छापलेल्या असतात. एक वॅटेज: ६५०, ७५०, १०००. दुसरी म्हणजे ‘८० प्लस’ असं लिहिलेला ब्रॉन्झ, गोल्ड किंवा प्लॅटिनमचा कार्यक्षमतेचा शिक्का. शेजारी-शेजारी छापल्यामुळे लोक त्यांचा परस्पर गुणाकार करून मोकळे होतात. ‘७५० वॅटचा आहे, पण ८० टक्केच कार्यक्षम, म्हणजे हातात ६०० वॅट’ हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता वाद घालायचाही कंटाळा येतो. गंमत म्हणजे तोच माणूस पुढे सांगतो, ‘म्हणून गोल्ड घे, ताकद जास्त मिळते.’ दोन्ही चूक.

वॅटेज म्हणजे सप्लाय कॉम्प्युटरला किती वीज देऊ शकतो त्याचा आकडा. तो हातात पडणारा पगार आहे, कापाकापी आधीच झालेली. ७५० वॅटचा सप्लाय धड बनवलेला असेल तर आतल्या भागांना पूर्ण ७५० वॅट देतो, मग शिक्का ब्रॉन्झचा असो की टायटॅनियमचा. कार्यक्षमता सांगते ती भिंतीकडची बाजू: एवढं देण्यासाठी तो सॉकेटमधून किती ओढतो आणि मधल्या मध्ये किती उष्णतेत घालवतो. म्हणजे ७५० ला ०.८७ ने गुणायचं नसतं, भागायचं असतं. पूर्ण भारावर ८७ टक्के कार्यक्षम असलेला सप्लाय भिंतीतून साधारण ८६२ वॅट घेतो, ७५० आत देतो आणि ११२ वॅट गरम हवा म्हणून बाहेर टाकतो.

१००० वॅटचा सप्लाय लावला की मीटर सतत १००० वॅटने पळतं, हा त्याच गोंधळाचा भाऊ. सप्लाय मागितलं तेवढंच देतो. डेस्कटॉप नुसता उघडा असेल आणि आतले भाग ८० वॅट मागत असतील, तर ८० आणि वर थोडी नासाडी.

आता ओव्हरक्लॉकिंगकडे, म्हणजे चिपला ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवण्याकडे येऊ, कारण तिथे या दोन आकड्यांपैकी पहिलाच खरा कळीचा ठरतो. चिपचा वीजवापर फ्रिक्वेन्सीच्या सरळ प्रमाणात वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. समजा एखादा प्रोसेसर १.२० व्होल्टवर ४.५ गिगाहर्ट्झने चालताना १५० वॅट खातो. तुम्ही त्याला ५ गिगाहर्ट्झवर नेलं आणि स्थिर राहावा म्हणून व्होल्टेज १.३५ केलं. वेग वाढला ११ टक्के. वीज मात्र सुमारे ४० टक्के वाढून २११ वॅटवर गेली, आणि तापमान चढल्यावर चिपमधून होणारी गळती यात धरलेलीच नाही. म्हणून खोक्यावरचा टीडीपी (चिपच्या वीज-उष्णतेचा कंपनीने दिलेला आकडा) पाहून हिशेब करणारा फसतो. इंटेलच्या कोअर आय९ १३९००के चंच बघा: बेस पॉवर १२५ वॅट, पण टर्बोची (चिप स्वतःहून वेग वाढवते तेव्हाची) मर्यादा २५३ वॅट. ही कंपनीने स्वतः दिलेली मर्यादा आहे, तुम्ही अजून बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, हात घातलेला नाही.

ग्राफिक्स कार्डाचा प्रश्न आणखी वेगळा. आरटीएक्स ३०८० ची नोंदलेली पॉवर ३२० वॅट, पण ती सरासरी. मिलिसेकंदांच्या हिशेबात कार्ड त्याहून कितीतरी वर उसळतं आणि परत खाली येतं. ही पिढी आली तेव्हा खेळ ऐन रंगात असताना कॉम्प्युटर पटकन बंद पडण्याच्या तक्रारी सुरू झाल्या. ना निळा स्क्रीन, ना एरर. दिवा विझावा तसा. बऱ्याचदा सप्लाय खराब नसायचा. या उसळीला ओव्हरलोड समजून त्याचं संरक्षण सर्किट आपलं काम चोख करायचं. २०२२ मधल्या एटीएक्स ३.० या सप्लायच्या मानकात म्हणूनच अट आली की ग्राफिक्स कार्डाच्या नव्या १२व्हीएचपीडब्ल्यूआर कनेक्टरचे, ४५० वॅटच्या वरचे सप्लाय १०० मायक्रोसेकंदांपर्यंत आपल्या वॅटेजच्या दुप्पट उसळी सहन करू शकले पाहिजेत. ओव्हरक्लॉक करणाऱ्याने खोक्यावर गोल्डच्या आधी ही ओळ शोधावी, असं माझं ठाम मत आहे.

वॅटेजचा आकडाही आंधळेपणाने घ्यायचा नसतो. सप्लायच्या अंगावर एक तक्ता चिकटवलेला असतो, त्यात १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे वेगवेगळे रकाने असतात. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही जवळपास सगळी वीज १२ व्होल्टवरून घेतात. त्या रकान्यात ६२ अँपिअर असतील तर १२ गुणिले ६२, म्हणजे ७४४ वॅट: ७५० चा दावा खरा. पण वर ठळक ७५० आणि १२ व्होल्टखाली जेमतेम ४५ अँपिअर असतील, तर तुमच्या कामाचे ५४० वॅटच आहेत. बाकीचे ५ आणि ३.३ व्होल्टच्या खात्यात, जिथे आजच्या गेमिंग मशीनला फारसं मागायचंच नसतं.

मग शिक्क्याचा उपयोग काय? ८० प्लस २००४ साली सुरू झालं, तेव्हा अट साधी होती: २०, ५० आणि १०० टक्के भारावर किमान ८० टक्के कार्यक्षमता. धातूंच्या पायऱ्या नंतर आल्या. ११५ व्होल्टच्या चाचणीत ब्रॉन्झला या तीन भारांवर ८२, ८५, ८२ टक्के लागतात. गोल्डला ८७, ९०, ८७. टायटॅनियमची चाचणी तर १० टक्के भारापासून सुरू होते.

३७५ वॅटच्या भारावर, म्हणजे ७५० च्या निम्म्यावर, ब्रॉन्झ ४४१ वॅट ओढेल आणि गोल्ड ४१७. फरक २४ वॅटचा. रोज चार तास खेळलात तर वर्षाला साधारण ३५ युनिट. बिलात तो दिसेल, पण डोळे दिपावेत इतका नाही. माझ्या लेखी मोठा फायदा उष्णतेचा: ६६ वॅटऐवजी ४२ वॅट बाहेर काढायचे असतील तर पंखा कमी फिरतो आणि आवाज कमी होतो.

निम्म्या भारावर कार्यक्षमता सगळ्यात चांगली असते, म्हणून गरजेच्या दुप्पट वॅटेज घ्या, हा सल्ला इथूनच निघतो. गोल्डच्याच आकड्यांत निम्म्या आणि पूर्ण भारातला फरक तीन टक्क्यांचा आहे. त्यासाठी १४०० वॅटचं धूड बसवायचं, ते दिवसभर पाच टक्के भारावर चालणार, आणि तिथे कार्यक्षमता चाचणीच्या तळाच्याही खाली घसरणार. नाकापेक्षा मोती जड.

आणि शिक्का काय सांगत नाही, ते ओव्हरक्लॉक करणाऱ्याला जास्त महत्त्वाचं. ८० प्लसची चाचणी साधारण २३ अंश सेल्सिअसला होते. भर खेळात केसच्या आतली हवा त्याहून बरीच गरम असते. शिवाय मोजली जाते ती कार्यक्षमता आणि पॉवर फॅक्टर (व्होल्ट आणि अँपिअरच्या गुणाकारातले खरे वॅट किती, ते). १२ व्होल्टचे भाराखाली ११.९ राहतात की ११.४ ला टेकतात, रिपल (व्होल्टेजमधली बारीक थरथर) किती, संरक्षण सर्किटं वेळेवर जागी होतात का, हे शिक्क्यात नाही. एटीएक्स मानक १२ व्होल्टवर १२० मिलिव्होल्टपर्यंत रिपल चालवून घेतं. चांगले सप्लाय त्याच्या बरेच खाली राहतात. म्हणून उत्तम बांधणीचा ब्रॉन्झ आणि काटकसरीत उरकलेला गोल्ड समोर असतील तर मी डोळे मिटून ब्रॉन्झ उचलेन. हे कळायला ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचे चढउतार दाखवणारं यंत्र) लावून केलेली परीक्षणं वाचावी लागतात, त्याला इलाज नाही.

एक हिशेब करून बघू. ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर २५० वॅट, पॉवर लिमिट वाढवलेलं ग्राफिक्स कार्ड ३७०, मदरबोर्ड, मेमरी, पंखे, पंप, ड्राइव्ह मिळून ८०. बेरीज ७००. सगळं एकाच वेळी टोकाला जाणं गेममध्ये क्वचित घडतं, पण स्ट्रेस टेस्टमध्ये (मुद्दाम पूर्ण भार टाकणाऱ्या चाचणीत) नक्की घडतं, आणि ओव्हरक्लॉक करणारा माणूस स्ट्रेस टेस्ट चालवतोच. इथे ८५० वॅट योग्य. उसळ्या सहन करणारा, १२ व्होल्टवर जवळपास पूर्ण वॅटेज देणारा. १००० घेतला तरी बिघडत नाही. ६५० चा टायटॅनियम मात्र कितीही चकचकीत असला तरी इथे तोकडाच. कार्डाला आठ पिनांचे दोन सॉकेट असतील तर दोन स्वतंत्र केबल लावा. एकाच केबलला फुटलेली दोन टोकं १५० वॅटचे दोन कनेक्टर असल्याचा आव आणतात, पण ओझं एकाच केबलवर येतं.

भिंतीकडचा आकडा खरंच लागतो तो यूपीएस निवडताना. ७०० वॅटचा भार ८८ टक्के कार्यक्षमतेने चालवायला यूपीएसला जवळपास ८०० वॅट द्यावे लागतात. आणि तिथे खोक्यावर मोठ्या अक्षरांत वॅट नसतात, व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) असतात. १००० व्हीए वाचून निर्धास्त होण्याआधी खालची बारीक ओळ बघा, बऱ्याच यूपीएसवर तिथे ६०० वॅट लिहिलेलं सापडेल.