कॉम्प्युटरचा तास साडेला का भरतो?

कॉम्प्युटरला दर पंधरा मिनिटांनी मोठ्यानं वेळ सांगायला लावायचं, हा प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांचा आवडता खेळ आहे. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत चार ओळींत जमतो. वेळ बघ, बोल, पंधरा मिनिटं झोप, परत पहिल्यापासून. असे नमुने इंटरनेटवर ढिगानं मिळतात आणि आता तर चॅटबॉटला नुसतं सांगितलं तरी तो लिहून देतो. सकाळी सातला सुरू केलं की कॉम्प्युटर बोलतो, घरचे कौतुक करतात. संध्याकाळपर्यंत मात्र सव्वासातची घोषणा सात वाजून अठरा मिनिटांनी व्हायला लागलेली असते आणि मग सगळे म्हणतात, घड्याळ मागे पडलं वाटतं.

घड्याळ ठीकच असतं. गडबड 'पंधरा मिनिटं झोप' या ओळीत आहे. झोप सुरू होते ती बोलणं संपल्यावर. बोलायला चार सेकंद लागत असतील तर एक फेरी ९०० सेकंदांची न होता ९०४ सेकंदांची होते. बारा तासांत अठ्ठेचाळीस फेऱ्या, म्हणजे सव्वातीन मिनिटांची घसरण. दिवसभरात सहा मिनिटांच्या वर. शिवाय हाच प्रोग्रॅम दहा वाजून सात मिनिटांनी सुरू केलात तर तो पुढं दहा बावीस, दहा सदतीस असाच बोलत राहणार. तो मागच्या वेळेपासून मोजतो, घड्याळातल्या पाव तासाशी त्याला देणंघेणं नाही. शेअर रिक्षा भरली की सुटते, तसं. आपल्याला हवी आहे सात बेचाळीसची लोकल, जी (निदान वेळापत्रकात तरी) सात बेचाळीसलाच सुटते, आधीची गाडी कितीही रखडलेली असो.

म्हणून प्रोग्रॅमला 'इतका वेळ झोप' असं सांगायचं नाही. पुढचा पाव तास भरायला किती सेकंद उरलेत ते दर वेळी नव्यानं काढायचं आणि तेवढंच झोपायला सांगायचं. बोलायला चार सेकंद लागोत की चौदा, पुढची घोषणा जागेवर येते. हे उरलेले सेकंद काढायची रीत म्हणजे चौथीच्या गणितातली भागाकाराची बाकी. मला या सगळ्या खटाटोपात हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते, त्यामुळे इथं जरा रेंगाळतो.

पायथॉनला वेळ विचारली की तो तारीख, तास, मिनिटं असं काही सांगत नाही. तो एक आकडा देतो. १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, ग्रिनिचच्या हिशेबानं, किती सेकंद झाले तो आकडा. उदाहरणार्थ १,७०,००,००,०००. एकशे सत्तर कोटी सेकंद पूर्ण झाले ते १५ नोव्हेंबर २०२३ रोजी पहाटे, आपल्याकडे ३ वाजून ४३ मिनिटं आणि २० सेकंद झाले होते तेव्हा. आता या आकड्याला ९०० नं भागा. भागाकार कितीही येऊ दे, बाकी उरते ८००. म्हणजे चालू पाव तासातले ८०० सेकंद उलटून गेलेत, १०० उरलेत. ३:४३:२० मध्ये १०० सेकंद मिळवा. ३:४५:००. बरोब्बर पावणेचार! कॅलेंडर नको, मिनिटांचे काटे नकोत, एक भागाकार आणि एक वजाबाकी.

हा भागाकार इतका स्वच्छ जमतो त्यामागं एक सोयीचं खोटं आहे. पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं अणुघड्याळांइतकं नियमित नाही, म्हणून १९७२ पासून जागतिक वेळेत अधूनमधून एकेक लीप सेकंद घालत आले. आतापर्यंत असे २७ झाले, शेवटचा २०१६ च्या अखेरीला. कॉम्प्युटरचा हा आकडा ते २७ सेकंद मोजतच नाही; प्रत्येक दिवस ८६,४०० सेकंदांचाच, असं धरून चालतो. मोजले असते तर आपली बाकी २७ सेकंदांनी चुकली असती.

आता हीच युक्ती पाव तासाऐवजी पूर्ण तासाला लावून बघा. ३,६०० नं भागा. बाकी पुन्हा ८००, म्हणजे तास भरायला २,८०० सेकंद उरले. ३:४३:२० मध्ये २,८०० सेकंद, म्हणजे ४६ मिनिटं ४० सेकंद मिळवले की किती होतात? साडेचार.

चार नाही, साडेचार. लंडनमध्ये हा प्रोग्रॅम तासाच्या ठोक्याला बोलेल, न्यूयॉर्कमध्ये आणि टोकियोतही बोलेल. मुंबईत मात्र तो साडेतीन, साडेचार, साडेपाच असा बोलत सुटेल. परदेशी नमुना उतरवून घेतलेल्यांनी हा अनुभव घेतला असेल आणि आपलंच काहीतरी बिघडलं असं समजून सोडून दिला असेल. प्रोग्रॅमच्या दृष्टीनं तास भरतो तो ग्रिनिचचा, आणि आपण ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढं आहोत. त्यातले पाच तास भागाकारात विरघळतात. वरचा अर्धा उरतो. उपाय सोपा आहे: भागायच्या आधी मूळ आकड्यात १९,८०० सेकंद, म्हणजे साडेपाच तास, मिळवायचे. बाकी येते २,६००, उरले १,०००, आणि ३:४३:२० नंतर १,००० सेकंदांनी चार वाजतात.

पाव तासाच्या प्रोग्रॅमला ही मिळवणी न करताही चाललं, कारण अर्ध्या तासात पाव तास दोनदा पूर्ण बसतो. नेपाळची वेळ पावणेसहा तास पुढं आहे. तिथं पाव तास जमेल, पण अर्ध्या तासाचा प्रोग्रॅम सव्वा आणि पावणेला बोलेल.

आणि मुंबईचं जुनं वेळापत्रक टिकलं असतं तर? मुंबईचं रेखांश ७२.८ अंश पूर्व. एका अंशाला चार मिनिटं, या हिशेबानं इथली सूर्यावरची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढं येते. तोच आपला 'बॉम्बे टाइम'. १ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढची. मुंबईकरांनी ती सहजासहजी मानली नाही. स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं शहरात जुन्या वेळेचं घड्याळ चालू होतं. ते आजवर चाललं असतं, तर ५१ मिनिटांना पंधरानं भागून सहा उरतात, त्यामुळे मिळवणी न करणारा पाव तासाचा प्रोग्रॅमसुद्धा सहा, एकवीस, छत्तीस आणि एक्कावन्न मिनिटांनी बोलला असता. मुंबईच्या प्रोग्रॅमरांना बाकीचं गणित पहिल्याच दिवशी शिकावं लागलं असतं!

इथं एक विषयांतर करतो. असा प्रोग्रॅम कुणाला दाखवला की हमखास विचारणा होते, हा राहुकाळ सांगेल का? सांगेल की, त्याचं काय जातं. पण फॉरवर्ड होणाऱ्या तक्त्यांत सोमवारचा राहुकाळ साडेसात ते नऊ असा बारमाही छापलेला असतो, तो सूर्य सहाला उगवतो आणि सहाला मावळतो असं धरून. राहुकाळ म्हणजे दिनमानाच्या आठ भागांपैकी एक, सोमवारी दुसरा, आणि जानेवारीत मुंबईत सूर्य उगवतो सव्वासातच्या सुमाराला. तेव्हा सोमवारचा दुसरा भाग सुरू होतो साडेआठनंतर. साडेसातची लोकल टाळून साडेआठची पकडणारा स्वतःच्याच नियमानं राहुकाळातून प्रवास करतो. सुखरूप पोचतो, हे वेगळं सांगायला नको.

कॉम्प्युटरला मुळात वेळ कळते कशी, हे थोडक्यात. मदरबोर्डवर नाण्याच्या आकाराच्या बॅटरीवर चालणारा एक क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा म्हणजे दोनाचा पंधरावा घात; पंधरा वेळा निम्मा करत गेलं की बरोबर एक उरतो, म्हणजे सेकंदाला एक ठोका. हा स्फटिक २५ अंश सेल्सिअसच्या आसपास सगळ्यात वेगानं थरथरतो आणि त्याहून गरम किंवा गार झाला की मंदावतो. दहा लाखांत वीस इतकी चूक म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद. म्हणून कॉम्प्युटर इंटरनेटवरच्या वेळ-सर्व्हरशी अधूनमधून ताळा करतो. त्याची पद्धत, एनटीपी, डेव्हिड मिल्स यांनी १९८५ च्या सुमारास बसवली. प्रश्न पाठवल्याची आणि उत्तर मिळाल्याची वेळ नोंदवायची, जाण्यायेण्यात गेलेला वेळ निम्मा करून सर्व्हरनं सांगितलेल्या वेळेत मिळवायचा आणि घड्याळ त्याप्रमाणे सुधारायचं. फरक किरकोळ असेल तर घड्याळ एकदम मागे ओढत नाहीत, त्याचा वेग किंचित कमी करून हळूहळू जुळवतात; नाहीतर आपला प्रोग्रॅम एकच पावणेचार दोनदा सांगेल. भारतीय प्रमाणवेळेची मूळ घड्याळं दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहेत.

आता आवाज. इथं लोक सगळ्यात जास्त वेळ आणि पैसे घालवतात, आणि माझ्या मते विनाकारण. 'एआय आवाज' विकत घेण्याची काही गरज नाही. १९३३ साली पॅरिसच्या वेधशाळेनं टेलिफोनवर बोलणारं घड्याळ सुरू केलं, कारण वेळ विचारणाऱ्यांनी वेधशाळेची लाइन सतत अडवून ठेवली होती. १९३६ साली लंडनमध्ये तसंच घड्याळ आलं, त्यातला आवाज काचेच्या तबकड्यांवर साठवलेला होता. एका माणसाच्या आवाजातले तुकडे हवे तसे जोडायचे, एवढीच कल्पना. रेल्वे स्टेशनवरच्या घोषणाही आपण अशाच तुकड्यांनी जोडलेल्या ऐकत आलो.

मराठीत प्रत्येक मिनिट बोलायचं तर तुकडे जास्त लागतात. इंग्रजीत वीस आणि दोन जोडून बावीस होतो, आपला बावीस सुटा करता येत नाही, त्यामुळे एक ते एकोणसाठ सगळे आकडे वेगवेगळे हवेत. पण पाव तासाच्या घड्याळाला फक्त अठ्ठेचाळीस वाक्यं पुरतात. बारा तास, प्रत्येकात चार. ती तुमच्या आईच्या किंवा आजीच्या आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड करा. व्याकरणाचे नियम प्रोग्रॅमला शिकवायला गेलात तर तो साडेएक, साडेदोन म्हणेल आणि हसं होईल. आजी न सांगता दीड वाजला, अडीच वाजले म्हणते. पावणेएक म्हणायच्या जागी पाऊण वाजला म्हणते.

अठ्ठेचाळीसपैकी कुठलं वाक्य लावायचं? पुन्हा बाकी! साडेपाच तास मिळवलेला आकडा ४३,२०० नं, म्हणजे बारा तासांच्या सेकंदांनी भागा. जी बाकी उरेल तिला ९०० नं भागा. पावणेचारला बाकी येते १३,५००, भागाकार १५. शून्य क्रमांकाचं वाक्य 'बारा वाजले' असेल, तर पंधरावं 'पावणेचार वाजले', सहावं 'दीड वाजला' आणि दहावं 'अडीच वाजले'. एकही अट नाही, एकही अपवाद नाही.

ब्लूटूथ स्पीकर वापरणार असाल तर वाक्याआधी एखादी घंटा जरूर जोडा. हे स्पीकर वीज वाचवायला मध्ये झोपतात आणि जागे होताना सुरुवातीचा आवाज गिळतात. 'पावणेआठ'मधला 'पावणे' गिळला की सरळ पंधरा मिनिटांची चूक. घंटा गिळली तर काही बिघडत नाही.

दृष्टिहीन माणसाला असं घड्याळ किती कामाचं आहे ते वेगळं सांगायला नको. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, फुकट मिळतो आणि त्यात इन्सर्ट आणि एफ-१२ दाबलं की वेळ ऐकू येते, पण त्यासाठी आपण विचारावं लागतं. न विचारता सांगणाऱ्या घड्याळाची सोय मुंबईत १८७८ पासून आहे. प्रेमचंद रायचंद यांनी दोन लाख रुपये देऊन विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभारला, त्यांच्या दृष्टी गेलेल्या आईला ठोक्यांवरून वेळ कळावी म्हणून, असं सांगतात. सूर्यास्ताआधी जेवण्याचा जैन नेम पाळायला तिला त्याचा उपयोग होई, अशी ती आख्यायिका.

शेवटची अडचण लॅपटॉपची. झाकण मिटलं की प्रोग्रॅमही गोठतो, आणि सव्वादोनला बोलायचं राहिलेलं वाक्य तो सहा वाजता झाकण उघडल्यावर बोलतो. म्हणून जागं झाल्यावर थेट बोलू द्यायचं नाही. आधी पुन्हा घड्याळ बघायचं, ९०० ची बाकी वीस सेकंदांहून जास्त असेल तर गप्प राहायचं आणि पुढच्या पाव तासाची वाट बघायची. विंडोजच्या टास्क शेड्यूलरमधून चालवत असाल, तर हुकलेलं काम नंतर लगेच उरकून टाकण्याचा एक चौकोन तिथं असतो. त्यावर खूण करू नका.