डोळ्याचा आजार, सोनोग्राफी पोटाची

काही बाळांच्या डोळ्यांत बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा जन्मतःच जवळजवळ नसतो. नुसती मोठी काळी बाहुली दिसते. बाळाला उजेड सोसत नाही, डोळे सारखे हलत राहतात. या आजाराचं नाव ॲनिरिडिया. आईवडील दृष्टीच्या काळजीने येतात आणि जनुकतज्ज्ञ आधी सांगतात ते असं, की बाळाच्या पोटाची सोनोग्राफी करून घ्या. ऐकणारा बुचकळ्यातच पडतो.

याचं मूळ १९६४ सालच्या एका अभ्यासात आहे. रॉबर्ट मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विल्म्स ट्यूमर, म्हणजे लहान मुलांना होणारा मूत्रपिंडाचा कर्करोग, झालेल्या ४४० मुलांच्या नोंदी चाळल्या. त्यांतल्या सहा मुलांना ॲनिरिडिया होता. इतक्या दुर्मीळ आजाराचं एखादं मूलही त्यात सापडणं नवलाचं होतं.

उलगडा पुढे अकराव्या गुणसूत्रावर झाला. डोळ्याच्या जडणघडणीवर देखरेख करणारं पॅक्स-६ हे जनुक आणि मूत्रपिंडाशी संबंधित डब्ल्यूटी-१ हे जनुक तिथे जवळजवळ आहेत. गुणसूत्राचा तेवढा तुकडाच गळाला, तर दोन्ही एकदम जातात. अशा मुलांपैकी जवळपास निम्म्यांना विल्म्स ट्यूमर होतो, म्हणून ती सात-आठ वर्षांची होईपर्यंत दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी करतात. गाठ लवकर सापडली तर बहुतेक मुलं बरी होतात. उलट, चूक फक्त पॅक्स-६ मध्येच निघाली तर हे चक्र थांबवता येतं. डोळे तपासून हा फरक कळत नाही, तो रक्ताच्या चाचणीतूनच कळतो.

जनुकांशी जोडलेला डोळ्याचा दुसरा आजार रेटिनोब्लास्टोमा. हा दृष्टिपटलाचा, म्हणजे रेटिनाचा, कर्करोग. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत बाळाची बाहुली पांढरट चमकली तर डॉक्टरांना सर्वांत आधी याच आजाराची शंका घ्यावी लागते. १९७१ मध्ये आल्फ्रेड नुडसन यांनी केवळ ४८ रुग्णांच्या नोंदी घेऊन गणित मांडलं. गाठ होण्यासाठी पेशीत दोन फटके, म्हणजे जनुकात दोन बिघाड, बसावे लागतात. ज्या मुलांमध्ये पहिला फटका जन्मापासूनच प्रत्येक पेशीत असतो, त्यांना आजार लवकर आणि बहुधा दोन्ही डोळ्यांत होतो. ज्याला हे फटके बसतात ते आरबी-१ हे जनुक प्रत्यक्ष हाती लागायला १९८६ साल उजाडलं. कागदावरच्या आकड्यांनी प्रयोगशाळेला पंधरा वर्षं मागे टाकल्याची अशी उदाहरणं विरळाच.

घरच्यांच्या दृष्टीने यातली सर्वांत कामाची चाचणी धाकट्या भावंडाची, असं मला वाटतं. आजारी मुलातला नेमका बदल माहीत असेल आणि तो भावंडात नसेल, तर त्या तान्ह्या बाळाला भूल देऊन पुन्हा पुन्हा डोळे तपासण्याची गरज उरत नाही.

उपचारांचं बोलायचं तर आरपीई-६५ हे नाव घ्यावंच लागतं. हे जनुक बिघडलं की प्रकाश टिपायला लागणारं ‘अ’ जीवनसत्त्वाचं रूप पुन्हा तयार होत नाही, आणि मूल लहानपणापासूनच अंधारात चाचपडतं. निरुपद्रवी विषाणूमार्फत चांगलं जनुक दृष्टिपटलाखाली पोचवण्याच्या उपचाराला अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये मान्यता मिळाली. पण दृष्टिपटलाच्या आनुवंशिक आजारांमागे अडीचशेहून अधिक जनुकं आहेत आणि हा उपचार त्यांतल्या एकापुरता, तोही पेशी जिवंत असेपर्यंतच. त्या विषाणूत जागा तरी किती? डीएनएच्या साधारण ४७०० अक्षरांची. स्टारगार्ड या दृष्टिपटलाच्या आनुवंशिक आजारातलं एबीसीए-४ जनुक त्यात मावतच नाही, म्हणून ते दोन तुकड्यांत पाठवून पेशीत जोडण्याचे प्रयत्न चालू आहेत.

या सगळ्यात संशोधकाचा बराच वेळ खातो तो ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा मारलेला अहवाल. जनुकात बदल दिसतो, पण आजार त्यामुळेच झाला का, हे ठरत नाही. मग आईवडिलांचं, भावंडांचं, जमलं तर आजोबांचंही रक्त मागवायचं आणि ज्यांना आजार आहे त्यांच्यातच तो बदल आहे का, हे पाहायचं. जगभरातल्या नोंदी वाढतात तसे हे शेरे बदलतात, त्यामुळे जुने अहवाल काही वर्षांनी पुन्हा काढून वाचतात. आईवडिलांनी फाईल जपून ठेवावी आणि दर दोन-तीन वर्षांनी स्वतःहून विचारावं, आमच्या अहवालाचं पुढे काय झालं?