दिल्ली–टोकियो : अंतर तेच, वेळ वेगळी

दिल्लीहून टोकियोला विमानाने जायला साधारण साडेसात तास लागतात. परतताना मात्र नऊ-साडेनऊ. तिकिटावर हे चटकन लक्षात येत नाही, कारण सुटायची आणि पोचायची वेळ त्या त्या गावाची छापलेली असते आणि जपानचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे चालतं. तेवढा फरक काढून टाकला की तफावत उघडी पडते.

पृथ्वी विमानाखालून फिरते म्हणून असं होतं, हा समज फार पसरलेला आहे. पण पृथ्वी फिरते पश्चिमेकडून पूर्वेकडे. हवा तिच्यासोबत फिरली नसती, तर टोकियो विमानापासून दूर पळालं असतं आणि जातानाच जास्त वेळ लागला असता!

खरं कारण आहे वारा. हिवाळ्यात सायबेरियावरची हवा कमालीची थंड असते, दक्षिणेकडे समुद्रावरची उबदार. थंड हवेत उंचीनुसार दाब झपाट्याने उतरतो, उबदार हवेत सावकाश. त्यामुळे नऊ-दहा किलोमीटर उंचीवर दोन्हींच्या दाबात मोठा फरक पडतो. दक्षिणेकडून उत्तरेकडे निघालेली हवा पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यामुळे पूर्वेला वळते आणि वाऱ्याचा अरुंद, वेगवान पट्टा तयार होतो : जेट स्ट्रीम. जपानवर तो जगात सर्वांत जोरकस असतो. हिवाळ्यात कधी कधी ताशी ३०० किलोमीटरच्याही वर.

याचा छडा जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी लावला. १९२० च्या दशकात टोकियोजवळच्या तातेनो वेधशाळेतून ते फुगे सोडत आणि दुर्बिणीतून त्यांचा माग काढत. नऊ किलोमीटर उंचीवर त्यांना ताशी अडीचशे किलोमीटरच्या घरातला वारा आढळला. जगाला कळावं या तळमळीने त्यांनी १९२६ मध्ये आपला अहवाल एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापला, पण तो फारसा कुणी वाचलाच नाही. १९४४ च्या अखेरीस अमेरिकेची बी-२९ विमानं टोकियोवर उंचावरून बॉम्ब टाकायला आली, तेव्हा वैमानिक या वाऱ्याने चक्रावून गेले. इतकं नेमकं काम इतकी वर्षं पडून राहावं, याची हळहळ वाटते.

आता हिशेब. दिल्ली ते टोकियो सरळ हवाई अंतर सुमारे ५,८५० किलोमीटर. ही रेषा हिमालय आणि तिबेटच्या पठारावरून जाते. केबिनमधला दाब अचानक गेला तर विमानाला झटपट तीनेक किलोमीटर उंचीपर्यंत खाली यावं लागतं, कारण प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन थोडीच मिनिटं पुरतो. तिबेटची जमीनच सरासरी साडेचार किलोमीटर उंच! म्हणून विमानं बहुधा हिमालयाच्या दक्षिणेने, म्यानमारवरून चीनमध्ये शिरतात.

वाट ६,००० किलोमीटरची आणि विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० धरू. वारा नसेल तर जाऊन-येऊन १३ तास २० मिनिटं. सरासरी १५० चा वारा धरला तर जाताना ५ तास ४३ मिनिटं, येताना ८ तास. बेरीज १३ तास ४३ मिनिटं. म्हणजे येताना गमावलेला वेळ जाताना कमावलेल्या वेळाने पूर्ण भरून निघत नाही, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं. चढण्या-उतरण्याचा आणि धावपट्टीवरचा वेळ यात धरलेला नाही.

उन्हाळ्यात हा पट्टा उत्तरेकडे सरकतो, मंदावतो आणि जाण्या-येण्याच्या वेळांमधलं अंतरही कमी होतं.