एफआरपी, दहा टक्के आणि अडकलेला तंटा

जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत दर ठरतो, आंदोलन ठरते. जिनिव्हाचा, म्हणजे तिथल्या जागतिक व्यापार संघटनेचा विषय तिथे क्वचितच निघतो. पण आपली एफआरपी, म्हणजे केंद्र सरकार उसाला बांधून देते तो किमान भाव, २०१९ पासून या संघटनेतल्या खटल्यात आहे.

संघटनेच्या १९९५च्या शेती कराराने विकसनशील देशांना पिकाच्या उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांपर्यंत आधार देण्याची मुभा दिली, श्रीमंतांना ५ टक्के. दिसायला झुकते माप. मात्र ज्यांची अनुदाने आधीच अवाढव्य होती, त्यांनी ती काही प्रमाणात घटवून उरलेली कायम ठेवली. ज्यांनी पूर्वी फारसे दिलेच नव्हते, त्यांच्या हाती ही १० टक्केच राहिली. २००१ला सुरू झालेल्या दोहा वाटाघाटींच्या फेरीत हे दुरुस्त व्हायचे होते, झाले नाही.

खरा गुंता ‘बाजारभाव आधार’ या शब्दात आहे. अनुदान म्हटले की सरकारी तिजोरीतून गेलेला पैसा, असे आपण धरतो. एफआरपी देतो कारखाना, तीही १४ दिवसांत देणे बंधनकारक असताना अनेकदा शेतकऱ्याला रस्त्यावर उतरून मिळवावी लागते. भारताची बाजू नेमकी हीच होती: सरकार ऊस विकत घेत नाही, मग आधार कसला? संघटनेच्या तंटा पाहणाऱ्या समितीने डिसेंबर २०२१ मध्ये ती फेटाळली. सरकारने किमान भाव बांधून दिला एवढे पुरे, पैसे कोण मोजतो हे गौण. करारातली रीत अशी की बांधलेला भाव आणि ठरावीक जुना संदर्भभाव यांतला फरक काढायचा नि त्याला भाव लागू असलेल्या सगळ्या उत्पादनाने गुणायचे. हा संदर्भभाव १९८६-८८ चा. तेव्हापासून खत, मजुरी, डिझेल कुठल्या कुठे गेले, आकडा तिथेच. अशा हिशेबात ऊस १० टक्क्यांत बसणार कसा? २०१४-१५ ते २०१८-१९ या पाचही हंगामांत मर्यादा ओलांडल्याचा निष्कर्ष निघाला.

त्याच निकालात साखर निर्यातीचे साहाय्यही नियमबाह्य ठरले. त्याचा बचाव अवघडच होता, आणि ते पुढे बंदही झाले. तक्रारदार तिघे: ऑस्ट्रेलिया, ब्राझील, ग्वाटेमाला. यातले दोघे विकसनशीलच, हे ‘श्रीमंत विरुद्ध गरीब’ म्हणताना विसरता येत नाही.

जानेवारी २०२२ मध्ये भारताने अपील केले. पण अपील ऐकणारे मंडळ डिसेंबर २०१९ पासूनच ठप्प होते, कारण अमेरिकेने नव्या नेमणुका अडवल्या होत्या. त्यामुळे निकाल बंधनकारक झाला नाही आणि रद्दही झाला नाही. दरम्यान २०२५-२६ साठी एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे ३५५ रुपये झाली.